मागची डावी सीट

"एक लाख नव्वद हजार किलोमीटर," ओमने मोबाइल माझ्या चष्म्यासमोर धरला. "पण सगळं हायवेचं रनिंग आहे म्हणतो एजंट. आजोबा, उद्या सकाळी चला ना बघायला. तुम्ही हो म्हणालात तरच पुढचं बोलतो."

ओम माझ्या बहिणीचा नातू. तो आणि त्याची बायको दिशा हिंजवडीजवळच्या माणला राहतात, तिथल्याच आयटी पार्कात नोकरी करतात. मुळशी धरणाजवळच्या माझ्या या घरी ती शनिवारी मुक्कामाला येतात. जेवणं आटोपली होती. खाचरातला भात कापून झाला होता, त्यामुळे बाहेर बेडकांचा आवाज नव्हता, की कसलाच नव्हता. चौतीस वर्षं मी धातुशास्त्र शिकवलं, म्हणून नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला विचारतात. धातुशास्त्राचा आणि जुन्या गाडीचा संबंध थोडाच असतो, हे मी सांगत नाही.

"येईन," मी म्हणालो. "पण हो किंवा नाही मी म्हणणार नाही. एकदा म्हणालो होतो."

"मग? खराब निघाली?" दिशाने विचारलं.

"गाडी चांगली होती. अजूनही कुठंतरी पळत असेल."

"मग काय झालं?"

सांगावं की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. आधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगतो त्यातलं किती घडलं आणि किती मी नंतर जोडलं, याची मलाच खात्री नाही. पण तारखा आणि वेळा खऱ्या आहेत. त्या मी लिहून ठेवल्या आहेत.

जनार्दन माझ्या प्रयोगशाळेत सहायक होता. सव्वीस वर्षं. निवृत्तीनंतर तो आणि त्याची बायको साधना माणला एका खोलीच्या घरात राहायला आले, कारण पुण्यात परवडेना. साधनावहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पुण्यात डायलिसिस. पहाटे पाचला टॅक्सी सांगावी, तर साडेपाचला ती रद्द व्हायची. म्हणून दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये त्याने ठरवलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची. मला बरोबर नेलं.

पांढरी डिझेल गाडी होती. तेरा वर्षांची. दोन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर.

एजंट म्हणाला, "काका, खोटं बोलत नाय. मीटर मागं केलेला नाय. केला असता तर एक लाख दाखवला नसता का?"

मला ते पटलं. मी ऑइलचा दांडा काढून पाहिला, बोटावर ऑइल घेऊन त्यात धातूची कचकच लागते का ते बघितलं. थंड इंजिन चालू करायला लावलं. धूर पाहिला. खालून गंज पाहिला. हँडब्रेक धरत नव्हता आणि मागचं डावं दार आतून उघडत नव्हतं. बाहेरूनच उघडावं लागायचं. बाकी इंजिन ठणठणीत होतं. आधीचा मालक कोण, हे मात्र मी विचारलं नाही. लोखंड बघितलं. माणूस विचारला नाही.

"सर, घेऊ?" जनार्दन म्हणाला.

"घे," मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणालात म्हणजे झालं. साधना, ऐकलंस का? सरांनी पास केली."

साधनावहिनी गाडीत बसूनच होत्या. "सरांनी तुम्हालापण पास केलं होतं सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "त्यावरून काय समजायचं ते मी समजले."

अशा बोलायच्या त्या.

दोन महिने गाडी उत्तम चालली. बुधवारी मी मुद्दाम माणला जाऊन त्यांच्याबरोबर पुण्याला जायचो. जनार्दन एकटा पडू नये म्हणून. येताना वहिनी गळून गेलेल्या असायच्या. मागच्या सीटवर उजवीकडे बसायच्या आणि डावीकडे कलंडून झोपायच्या. घरी आलो की मी उतरून ते डावं दार उघडायचो आणि म्हणायचो, "घर आलं. उतरा." मग त्या डोळे उघडायच्या.

एकदा म्हणाल्या, "सर, या गाडीत मला फार छान झोप लागते. घरी पोटऱ्यांत गोळे येतात. इथे येत नाहीत. कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवल्यासारखं वाटतं. लुगड्याला चुलीच्या धुराचा वास असतो ना, तसा वास येतो."

मी म्हणालो, "सीटच्या फोममध्ये वास मुरतो. आधी वाड्यावस्त्यांवरची माणसं बसत असतील."

"असेल," त्या म्हणाल्या. "फोमला हातपण असतात का? पाय चेपतं कुणीतरी."

जनार्दन हसला. मीही हसलो.

मग टायर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मागचं डावं टायर गुळगुळीत झालं. बाकीची तीन जेमतेम घासलेली. नवं घातलं, तेही तीन आठवड्यांत एका अंगाने खाल्लं. घोटावड्याच्या रस्त्यावर राजू नावाचा मेकॅनिक आहे. त्याने चाकाजवळ उकिडवं बसून टायरवरून हात फिरवला.

"मागं डाव्या अंगाला कोन बसतंय रोज?"

"कुणी नाही," जनार्दन म्हणाला. "मिसेस उजवीकडे बसतात."

"बसतंय. लई वजन न्हाई, पर हालत न्हाई तितनं."

मी म्हणालो, "अरे, अलाइनमेंट गेली असेल. नाहीतर बुश."

"सर, अलाइनमेंट दोनदा केली. बुश नवे घातले. शॉकअप नवा घातला. आता काय गाडीला शाळंत घालू?" आणि मग दाराकडे बघून तो थांबला. बाहेरून उघडलं, लावलं, आतून उघडायचा प्रयत्न केला. "आयला. ही गेणबाची गाडी. रंग मारलाय म्हनून वळखली न्हाई. ह्या दाराला कोन इसरंल?"

"कोण गेणबा?"

"ताम्हिणीच्या अंगानं धंदा करायचा. पेशंटच्या भाड्याचा." एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

माझं डोकं शांत बसेना. मी जनार्दनला एका खडी क्रशरच्या वजनकाट्यावर नेलं. दोघंही गाडीतून उतरलो. आधी उजवी चाकं काट्यावर घेतली, मग डावी. डावी बाजू चाळीस किलो जास्त भरली. गाडी रिकामी होती. काट्यावर थोडी चूक असते. अर्ध्या गाडीचं वजन असं घेणं शास्त्रीयही नाही. पण तिसऱ्यांदा घेतलं तेव्हाही चाळीसच.

वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, "चाळीस किलो? बारीक आहे बिचारी."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण अठरा नोव्हेंबरला पहाटे, हिंजवडीच्या चौकात, मागची डावी स्प्रिंग तुटली. गाडी तिथंच बसली. डायलिसिसची वेळ चुकली, दुसऱ्या दिवसाची मिळाली नाही, आणि तिसऱ्या दिवशी वहिनींच्या फुप्फुसात पाणी भरलं. दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. डॉक्टर जनार्दनला म्हणाले, परत एकदा वेळ चुकली तर मी काही करू शकणार नाही.

जनार्दन बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. "सर, दुसरी गाडी घेणं मला शक्य नाही. हीच चालली पाहिजे. तिच्यात काय बसलंय ते उतरवा. तुम्ही पास केलीत."

असं तो मला कधी बोलला नव्हता.

*

गेणबा पौडच्या पलीकडे एका गावात राहायचा. एक डिसेंबरला, रविवारी, आम्ही दोघं गेलो. सत्तरीचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणात उन्हाला बसला होता. इंजिनाच्या आवाजावरून म्हणाला, "माझी हाय की ही. या, बसा."

जनार्दनने सगळं सांगितलं. स्प्रिंगचं, काट्याचं. वहिनींच्या झोपेचंसुद्धा. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याने आत बघून चहाला सांगितलं.

"आमच्याकडं कसं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "वाडीवरनं पेशंट न्यायचा म्हंजी रातीच. दवाखान्यात न्यायचा, आन् धा जनांतले चार तर वाटंतच जायाचे न्हाईतर तितं जायाचे. मग त्याच गाडीत घालून परत आणायचे. मागं डावीकडं बसवायचे. बसवायचेच, निजवायचे न्हाई. बाजूला घरचं मानूस. घरापाशी आलं की मी उतरायचो, दार उघडायचो आन् हाक मारायचो. नाव घेऊन. तीनदा. अमक्या, घर आलं, उतर. मगच मयताला हात लावू द्यायचो."

"ही तुमच्या गावची रीत?" मी विचारलं.

"रीत कसली? माझी. दार आतनं उघडत न्हाई ना त्ये. आत बसल्याल्याला कोन उतरवनार?" तो हसला. "लोक म्हनायचे गेणबा येडा हाय. पर माझ्या गाडीत कुनी ऱ्हायलं न्हाई कधी. बारा-तेरा वर्सं."

"नाव घ्यायलाच लागतं?"

"आता हाक मारायची तर नाव नको? गाडीत चार मानसं बसल्याली असत्यात. कुणी उतरायचं ते कळाय नको?"

चहा आला. त्याने बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"जुलैत बाळाबाईला आनली," तो म्हणाला. "बारकूची बायको. घाटाच्या अलीकडं फाट्यावरनं वर वाडी हाय. पुण्यात गेली बिचारी, तापानं. येताना फाट्याच्या अलीकडं दरड आल्याली. पाऊस म्हंजी पुढचं बोनेट दिसंना. वाडीच्या पोरांनी तिला दुसऱ्या दारानं वढली, डोलीत घातली आन् चालत गेले. माझ्या छातीत कळ यायला लागल्याली. मी गाडी वळवली. हाक... ऱ्हायली. मयत गेलं. ती ऱ्हायली. म्हयन्यानं गाडी इकली. मला वाटलं, गेली आसंल. आपल्याला काय दिसतंय?"

"तुम्ही चला ना बरोबर," जनार्दन म्हणाला.

"मला आता माझा हात दिसंना. तुमी जा. फाट्यावर थांबा, वाडीच्या वाटंच्या तोंडाला. राती अकरा-साडेअकराला, तवाच पोचनार हुतो आमी. दार भायेरनं उघडा. 'बाळाबाई, घर आलं, उतर.' तीनदा. बास."

निघताना त्याने माझा हात चाचपडत धरला. "साहेब, अहो-जाहो करू नका तिला. तिला कुनी केलं न्हाई. समजायची न्हाई."

*

शुक्रवार, सहा डिसेंबर. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी होती. शुक्रवारची डायलिसिसची पाळी दुपारची मिळाली होती. जनार्दन घरी येऊन जेवून निघाला आणि सव्वादहाला या इथे, या दारात, मला घ्यायला आला.

मागे वहिनी बसलेल्या.

"यांना कशाला आणलंस?" मी जनार्दनला म्हणालो. "आजच सुया काढल्यात."

"मी ऐकणार आहे का त्यांचं?" वहिनीच म्हणाल्या. "चार महिने तिच्या मांडीवर झोपले, सर. तिला पोचवायला मी नको? तुम्ही दोघं पुरुष जाऊन काय, पार्सल टाकून येणार?"

मी पुढे बसलो. गाडीचा सेल्फ दोन दिवसांपासून कटकट करत होता. बंद केली तर परत चालू होईल याची शाश्वती नाही, असं जनार्दन म्हणाला. धरणाच्या कडेकडेने निघालो. साडेदहाच्या सुमाराला चंद्र मावळला. आधीच कोरभर होता. ढगही होते. दोन-तीन हॉटेलांचे दिवे लागले, मग तेही संपले.

जनार्दन वाटेत सारखं पुटपुटत होता, "बाळाबाई, घर आलं, उतर. बाळाबाई, घर आलं, उतर." पाठ करत होता. प्रयोगशाळेत केमिकलची प्रमाणं पाठ करायचा, तसं. वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, आत्ताच उतरेल ती." मग त्यांचा आवाज आला नाही. झोपल्या असाव्यात.

अकरा वीसला फाटा आला.

उतार होता. जनार्दनने गाडी कडेला घेतली. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं.

हँडब्रेक धरत नव्हता. इंजिन बंद करता येत नव्हतं. ब्रेकवरून पाय काढला तर गाडी घरंगळणार. म्हणजे त्याला उतरता येणार नव्हतं.

"सर, तुम्ही," तो म्हणाला.

"मी?"

"मला पाय काढता येत नाही. नाव लक्षात आहे ना?"

चाकाला दगड लावता आला असता. मेकॅनिककडचं लहान पोरही लावतं. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

मी उतरलो. रस्त्याच्या कडेला कारवीची झुडपं वाळलेली होती. वारा नव्हता. मागच्या ब्रेकचा लाल उजेड गवतावर पडला होता. दोन पावलं मागे येऊन मी मागच्या डाव्या दाराशी गेलो. वर वाडीची पायवाट. अंधारात थोडी पांढरट दिसत होती. दिवा कुठंच नव्हता.

मी दार उघडलं.

धुराचा वास आला. चुलीचा. फोममध्ये मुरलेला वास असतो, तसा नाही. आत्ताच चूल विझवून उठलेल्या माणसाचा.

आतला दिवा लागला. वहिनी डावीकडे कलंडून झोपल्या होत्या. डोकं माझ्या बाजूला. तोंड थोडं उघडं. श्वास चालू होता. तो मी पाहिला. नक्की पाहिला.

त्यांचं डोकं... सीटला टेकलेलं नव्हतं.

चार बोटं वर होतं.

"आजोबा..." दिशा म्हणाली.

थांब. सांगू दे. आता थांबलो तर परत सांगणार नाही.

"सर, बोला," जनार्दन पुढून म्हणाला. इंजिनच्या थरथरीने लाल उजेड गवतावर हलत होता. "लवकर बोला."

मला नाव येत होतं. जिभेवर होतं. पण... एका परक्या बाईला, जी नाही तिला, एकेरीत हाक मारायची. मी. भर रस्त्यात. मला लाज वाटली. भीती नाही, लाज. चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला वाटते तशी. कुणी ऐकलं तर... कोण ऐकणार होतं तिथे?

तोंडातून आलं ते हे.

"घर आलं. उतरा."

दर बुधवारी म्हणायचो तेच. त्याच दारात उभं राहून. त्याच आवाजात.

काही क्षण काहीच नाही.

मग वहिनींचं डोकं खाली आलं. हळूहळू. मांडीवर झोपलेल्या माणसाखालून कुणी उठतं, तेव्हा हाताने आधार देऊन डोकं खाली ठेवतं... तसं. सीटला टेकलं. एक बट कपाळावर आली होती. ती मागे सरली.

गाडी वर आली. डावी बाजू. स्प्रिंग कुरकुरली.

माझ्या अंगावरून काही गेलं नाही. वारा नाही. काही नाही. फक्त वास गेला.

मी दाराला हात घातला.

आणि गाडी... पुन्हा एकदा वर आली.

...

स्प्रिंगवरचं वजन काढलं की ती एकदा वर येते, खाली जाते, परत वर येते. मी स्वतः फळ्यावर काढून दाखवलंय हे. पण ते लगेच होतं. अर्ध्या सेकंदात. इथे मध्ये... मी दाराला हात घातला होता. मध्ये एवढा वेळ गेला होता.

तेव्हा मी म्हणालो, "बाळाबाई." एकदाच. रिकाम्या सीटला.

"झालं?" जनार्दनने विचारलं.

"झालं."

"तीनदा म्हणालात?"

मी दार लावलं. "हो," मी म्हणालो.

खोटं बोललो. का, ते सांगता येत नाही.

परत येताना जनार्दन वेगळाच माणूस झाला होता. "सर, बघा, बघा कशी पळतेय! जाणवतंय ना? एकदम हलकी! आता हिला मी पाच वर्षं चालवतो. साधना, ऐकतेस का? झोपली. झोपू दे. दमली आज." तो शीळ घालत होता. चार महिन्यांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

मी आरशात बघत नव्हतो. आरसा माझ्या बाजूला नव्हता, हे खरं. पण मान वळवता आली असती.

बारा वाजून पाच मिनिटांनी त्याने मला इथे सोडलं. माझ्या हातात टॉर्च होता. काचेतून आत मारला असता, तर कळलं असतं. मी टॉर्च जमिनीवर धरला. "सावकाश जा," म्हणालो. घरात आलो. दिवा न लावता बसून राहिलो.

सव्वाएकला फोन वाजला.

पलीकडून इंजिनचा आवाज येत होता. त्याने ते बंद केलेलं नव्हतं.

"सर..."

"बोल, जनार्दन."

"सर, घर आलंय..."

मी उठून दिवा लावला.

"साधना उतरत नाही."

*

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. डायलिसिसच्या पेशंटमध्ये असं होतं, रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडतं, झोपेतच जातात. किती वाजता, हे जनार्दनने विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच तास झाले असावेत, नक्की सांगता यायचं नाही. जनार्दनने त्यापुढे काही विचारलं नाही. मलाही नाही. तेराव्याला तो मला म्हणाला, "सर, तुम्ही होतात म्हणून तेवढं तरी पार पडलं." मी मान हलवली.

"पण आजोबा," ओम म्हणाला, "डॉक्टर म्हणाले तेच असेल. त्यांची तब्येत आधीच..."

असेल. मीही तेच म्हणतो. दिवसा म्हणतो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी एकटा एसटीने गेलो. जनार्दनला सांगितलं नाही. कशाला जातोय, हे मलाही ठाऊक नव्हतं. फाट्यावर उतरलो. वाडीची वाट उभी चढाची आहे. मला पाऊण तास लागला, तीनदा बसावं लागलं. वहिनींना घराच्या चार पायऱ्या चढवत नव्हत्या.

बारकूचं घर शेवटचं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. तो एकटाच होता. मी कोण ते सांगितलं नाही. गेणबाच्या ओळखीचा, एवढंच म्हणालो. त्याने घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"लांबून आणावं लागतं का पाणी?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"खालच्या झऱ्यावरनं. आता थंडीत बारीक झालाय. हंडा भराया दोन घटका लागत्यात."

त्याने हंड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुमी शिकल्यालं दिसताय. एक इचारू का?"

"विचारा."

"चंपाषष्ठीच्या आदल्या सांजंला मी हंडा भरून ठिवला. काठोकाठ. सकाळी देवाला निवद करायचा व्हता, रोडगा-भरीत. पहाटं उठून बघतो तर हंडा कोरडा. थेंब न्हाई."

"गळत असेल."

"त्योच हंडा हाय, बघा की. दोन दिवसांचं पानी हाय त्यात. गळतोय का?"

मी बघितलं. तांब्याचा जुना हंडा. खालची जमीन कोरडी होती.

"जनावर?"

"जनावर सांडंल. हितं सारवण भिजल्यालं नव्हतं. पिऊन संपवल्यालं व्हतं. आख्खा हंडा."

मी परत घोंगडीवर टेकलो.

ओम, दिशा, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नसेल. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून देतात. वहिनींना दिवसाला पाऊण लिटर होतं, चहा, आमटी, औषधाचं पाणी, सगळं धरून. चार वर्षं. उन्हाळ्यात त्या बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायच्या, जनार्दन घड्याळ बघायचा. एकदा मला म्हणाल्या होत्या, सर, मरण्याचं मला काही नाही, पण एकदा पोटभर पाणी पिऊन मरायचंय.

"आणखी काही होतं का?" मी बारकूला विचारलं.

तो उठला. चुलीमागच्या फळीपाशी गेला.

"मी एकटा मानूस. पेला एकच काढतो," तो म्हणाला. "माझ्या बायकूचा वर ठिवून दिल्याला, ती गेल्यापासनं. पावन्यांचा त्याच्याबी मागं."

त्याने जमिनीकडे बोट दाखवलं, हंड्याच्या शेजारी.

"त्या सकाळी त्ये वरचं दोन्ही पेलं हितं व्हतं. घासल्यालं. उपडं घातल्यालं. वलं."